जास्तीचे डबे

माझं लहानपण चौथीतच संपलं. ते मागे लिहून झालं आहे, त्यात फार काही नव्हतं. अक्कल मात्र उशिरा आली. चार बाळंतपणं झाली, सासू अंथरुणात गेली, शेत सिडकोत गेलं, तरी एका बाबतीत मी पोरच होते. सरकारी कपड्यातला माणूस सांगतो ते खरं, असं धरून चालायची. पन्नाशी उलटल्यावर ते वय संपलं. ते कसं, एवढंच इथे लिहिते.

तेव्हा आमचं घर पनवेलच्या खाडीच्या अंगाला होतं. पुढे ओटा, मागे पत्र्याची पडवी. पडवीत दोन चुली आणि एक गॅस, आणि तिथेच माझी खानावळ. टेबल-खुर्च्या नव्हत्या, डबे भरून पाठवायचे. सकाळी पहिला आवाज भाकरी थापण्याचा. तांदळाची भाकरी आमच्या आगऱ्यांत पाण्याच्या हाताने थापतात, तिचा आवाज ज्वारीच्या भाकरीसारखा कोरडा नसतो. सून सुगंधा एका चुलीवर, मी दुसऱ्या चुलीवर. वालाचं बिरडं, चिंचेच्या कोळातलं सुकट, कधी नुसती डाळ आणि लोणचं. आमचे म्हातारे ओट्यावर बसून वाल सोलायचे. त्यांना ऐकायला कमी येई, म्हणून त्यांचं वाल सोलणं कोणत्याही भांडणात थांबत नसे. मोठा मुलगा दिनेश टेम्पो चालवायचा. उलव्याला बांधकामं निघाली होती, विटा आणि रेती पोचवायचा. धंदा बरा होता, आणि धंदा बरा असला की तो घाबरायचा. कुठे काही बिघडू नये म्हणून.

भिंतीला भिंत लावून रुकय्याचं घर. ती कोकणी मुसलमान, माहेर उरणकडचं. नवरा कुवेतला, दोन-तीन वर्षांनी यायचा, येताना ब्लँकेट आणायचा. ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण तोंडाने माझ्या बरोबरीची. तिच्याकडून सांदण यायचं, तांदळाचं वाफवलेलं गोड, ते आमच्याकडे करत नाहीत; माझ्याकडून बिरडं जायचं. कुणाचंही भांडं परत देताना रिकामं द्यायचं नाही, ही रीत दोन्ही घरांत होती, ती कुणी कुणाला शिकवली नाही. चिमूटभर साखर, चार हिरव्या मिरच्या, काहीतरी घालायचं. तिचा इरफान लहान असताना भांडी परत आणायचं काम त्याचं. घरात काही नसलं तर हा पोरगा वाटेत वाकून काहीतरी उचलायचा आणि भांड्यात टाकायचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बुचाचं झाड होतं. दिवाळीच्या सुमाराला त्याची लांब देठांची पांढरी फुलं सकाळी खाली पडलेली असायची. ती फुलं दोऱ्याशिवाय एकमेकांत गुंफून वेणी करतात. माझ्या मुलीने, वैशूने, त्याला ते शिकवलं. तीन फुलं घ्यायची, पहिल्या फुलाच्या देठाला दुसऱ्याचा पीळ द्यायचा, आणि शेवटचं देठ उलटं वळवून आत खोचायचं. ते उलटं खोचणं वैशूचं स्वतःचं, दुसरं कुणी तसं करत नाही. पोरं त्याला चिडवायची, इरफानबाय, गजरा कुणाला? तो त्यांना दगड मारायचा आणि वेणी करायचा.

मोठा झाल्यावर तो तळोज्याला एका केमिकलच्या कारखान्यात लागला. पाळीवरून आला की त्याच्या कपड्यांना सडक्या लसणासारखा वास यायचा, रुकय्या ते कपडे वेगळे भिजवायची. बोलणं कमी. माझ्या चुलीपाशी उभ्याने भाकरी खायचा आणि वर म्हणायचा, मावशी, आज जाड झाली.

डबे जायचे त्यात एक गिऱ्हाईक पोलिसांचं होतं. जवळच्या ठाण्याच्या कोठडीत जेवढी माणसं असतील त्यांचं जेवण माझ्याकडून जाई. हे काम मला घरत हवालदारामुळे मिळालं होतं. तो माझ्या माहेरच्या गावचा, मला आते म्हणायचा. दुपारी जीप गल्लीच्या तोंडाशी थांबायची, हॉर्न दोनदा वाजायचा, सुगंधा डबे नेऊन द्यायची. संध्याकाळी रिकामे डबे परत. स्टीलच्या प्रत्येक डब्याच्या बुडाला माझं नाव कोरलेलं, कारण नाव नसलेला डबा पोलीसही परत करत नाहीत.

त्या वर्षी कुठेतरी स्फोट झाला होता. टीव्हीवर तेच चाललं होतं. नवरात्र सुरू होतं, बायका देवीला जायच्या आणि येऊन तेच बोलायच्या. अशातच एका सकाळी इरफान पहिल्या पाळीला निघाला आणि कारखान्यात पोचलाच नाही. बसथांब्याजवळच्या पानवाल्याने रुकय्याला सांगितलं, साध्या कपड्यातली तीन-चार माणसं होती, पांढरी जीप होती, त्यांनी पोराला मधे बसवलं आणि नेलं. त्याने आरडाओरडा केला नाही. पानवाल्याने एवढं सांगितलं आणि पुन्हा कधी दुकानात तिच्याकडे बघितलं नाही.

मी तिच्याबरोबर ठाण्यात गेले. मला वाटलं, मी जेवण पाठवते, मला नीट सांगतील. साहेबाने खुर्ची दिली, चहाही मागवला. म्हणाला, आमच्याकडे असा कुणी मुलगा नाही, आम्ही कुणाला आणलेलं नाही, मुलगा मोठा आहे, गेला असेल कुठे. दुसऱ्या ठाण्यात चहा नाही, पण उत्तर तेच. तिसऱ्या ठाण्यात हरवल्याची तक्रार लिहा म्हणाले. रुकय्या म्हणाली, हरवला नाही, नेलाय. तर लिहिणारा म्हणाला, मग कुणी नेला त्याचं नाव सांगा. कुवेतहून तिच्या नवऱ्याचे फोन येत. त्याचा भाऊ सांगून गेला, गप्प बस, जास्त बोललीस तर पोरावर केस होईल. फोन वाजला की भिंतीपलीकडून तिच्या धावण्याचा आवाज येई, आणि मग काहीच आवाज येत नसे. ते काहीच नसणं मला चुलीपाशी ऐकू यायचं.

त्याच सुमाराला घरत हवालदाराने सांगितलं, आते, आजपासून चार डबे जास्ती दे. ते वेगळे बांध, वेगळी गाडी येईल. मी विचारलं नाही, बांधले. माझ्या डोक्यात या दोन गोष्टी एकत्र आल्याच नाहीत. साहेबाने खुर्ची देऊन सांगितलं होतं ना, आमच्याकडे नाही म्हणून. आज माझी नात हे वाचून म्हणते, आजी, एवढं कसं कळलं नाही? मी तिला म्हणते, तू तुझ्या मोबाइलवर रोज जे वाचतेस ते सगळं तपासून घेतेस का?

त्या जास्तीच्या डब्यांची गाडी संध्याकाळी उशिरा यायची आणि डबे चिखल लागलेले असायचे. एकदा सुगंधा भांडी घासता घासता कुरकुरली, आये, या डब्यात रोज कचरा येतो, कालपन फुला होती, फेकली मी. मी म्हटलं, कसली फुलं? तिने डबा माझ्यापुढे केला. बिरड्याच्या रसात भिजलेली, पिवळी पडलेली तीन बुचाची फुलं. लोक म्हणतात या फुलांचा वास जात नाही. वास बिरड्याचाच होता. मी ती बाहेर काढली तर ती सुटी झाली नाहीत. एकाच्या देठाला दुसऱ्याचा पीळ होता, आणि शेवटचं देठ उलटं वळवून आत खोचलेलं.

मी डबा उलटा करून बुडाचं नाव वाचलं. माझंच होतं. म्हणजे त्यानेही वाचलं होतं.

रुकय्याला मी बोलावून आणलं नाही, वेणी तळहातावर घेऊन तिच्या घरात गेले. ती तांदूळ निवडत होती. तिने बघितलं, सुपातून हात काढला आणि पदराला पुसला. मग म्हणाली, "जेवतो तरी."

त्यानंतरचे दिवस आधीपेक्षा वाईट गेले. आधी तो कुठेही असू शकत होता. आता तो कुठेतरी होता, माझ्या भाकऱ्या खात होता, आणि डबा आला की आम्ही दोघी आधी झाकण उघडायचो. वेणी असली की तो त्या दुपारपर्यंत होता. एके दिवशी दोनच फुलं होती आणि गुंफलेली नव्हती, नुसती टाकलेली. रुकय्याने विचारलं, बोटांना काय झालं असेल? मी म्हटलं, फुलं मिळाली नसतील. ती म्हणाली, दोन मिळाली ना. भाकरी थापताना मी जाडी बघायला लागले. जाड झाली तर त्याला कळेल, पातळ झाली तर पुरणार नाही, असलं काहीतरी डोक्यात चालायचं.

वकीलबाई आम्हाला दिनेशच्या एका गिऱ्हाइकाने सांगितल्या. सबनीसबाई, स्टेशनजवळ त्यांचं लहान ऑफिस, वय तिशीच्या आत. त्यांनी सगळं ऐकलं, वेणी बघितली, हसल्या नाहीत. त्यांनी समजावलं की कुणालाही धरलं तर चोवीस तासांत कोर्टापुढे उभं करावं लागतं, मग त्याने काहीही केलेलं असो. धरलंच नाही म्हणाले की ते चोवीस तास सुरूच होत नाहीत. आणि जोवर तो कुठल्याही कागदावर नाही तोवर त्याचं काहीही झालं तरी ते कुणी केलं नाही असं होतं. हायकोर्टात अर्ज करता येईल, पण तो पोलिसांकडेच आहे हे शपथेवर सांगणारं कुणीतरी लागेल. आई सांगते त्याला आईचं म्हणणं म्हणतील. पानवाला येणार नाही. एवढं बोलून त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

घरी दिनेश भडकला. तो मोठ्याने बोलणारा पोरगा नव्हता, तेव्हा बोलला. उद्या माझा टेम्पो रोज अडवतील, तुझं काम जाईल, आणि तो सुटणार नाय तो नायच, वर तुला इचारतील, तुमी एवढे दिवस डबे देत होता ना, मग तुमीपन त्यांच्यातले. हे शेवटचं त्याने नीट ओळखलं होतं. मलाही तेच टोचत होतं. म्हातारे वाल सोलत होते. मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडून विचारलं, काय करू? ते म्हणाले, इरफान कवा येणार? त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

मी वकीलबाईंना चार दिवस थांबा म्हटलं. सही केली आणि त्यांनी त्याला दुसरीकडे हलवलं तर? डबा यायचा बंद झाला तर? जे हातात होतं ते जाईल, ही भीती मला कामाच्या भीतीपेक्षा मोठी वाटत होती. वकीलबाई म्हणाल्या, खरं आहे, हलवू शकतात. त्यांनी खोटा धीर दिला नाही, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

पण मी थांबायला लावलं ते एका आईला. दिवाळी दोन दिवसांवर आली होती, मी करंज्यांचं सारण परतत होते. रुकय्या पडवीत आली, डबे भरलेले होते. ती म्हणाली, रोज त्याच्याकडून येतं आणि आपल्याकडून काही जात नाही. मी म्हटलं, जेवण जातं ते काय? ती म्हणाली, ते सरकारचं. मी कढईकडे वळले. तेवढ्यात तिने पदराखालून आणलेलं सांदण चारही डब्यांत भाकरीखाली सरकवलं. एकाच डब्यात घालायचं तर तो कुठला ते ठाऊक नव्हतं. मला हॉर्न वाजल्यावर तिच्या तोंडावरून कळलं, आणि तोवर सुगंधा डबे घेऊन पोचली होती.

संध्याकाळी डबे आले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी घरत हवालदार स्वतः आला. हॉर्न नाही, जीप लांब उभी केली होती. चप्पल काढून पडवीत आला आणि उभाच राहिला.

"आते, डब्यात गोड कोनी घातला?"

"दिवाळी हाय."

"कोठडीतल्यांना घातला नाय. त्या चारांनाच घातला."

"तुज्या घरी करंज्या पाठवते, तुजी बायको करत नसंल तर."

तो हसला नाही. त्याने भिंतीकडे बघितलं, रुकय्याच्या घराकडची ती भिंत, आणि आवाज खाली आणला. म्हणाला, सांदण आगऱ्यांच्या घरात कोन करतंय ते मलापन ठावं हाय, आनि तिथं बसलेल्या सायबालापन समाजला. उद्यापासून चार डबे नकोत. मी विचारलं, माझे डबे कुठायत? तो म्हणाला, मिळतील. मग चपला घालताना, माझ्याकडे न बघता बोलला:

"बुचाच्या झारांखाली आता कोन नाय, आते. काय करायचा ता आजच करा."

हा माणूस चांगला होता का वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तो रोज ते चार डबे नेणाऱ्यांना सलाम करत होता. आणि त्या दिवशी तो नसता बोलला तर मी अजून चार दिवस घालवले असते. नंतर त्याची बदली झाली. माझ्या घरी तो पुन्हा आला नाही, मीही बोलावलं नाही.

मी चूल विझवली. त्या दिवशी बाकीच्यांचे डबे गेलेच नाहीत, लोकांनी शिव्या घातल्या असतील. रुकय्याला घेऊन वकीलबाईंकडे गेले. दिनेश दारात टेम्पो पुसत होता. मी म्हटलं, चल, सोड आम्हाला. तो तसाच उभा राहिला. मग फडकं खांद्यावर टाकून बसला आणि गाडी चालू केली. रुकय्या वाटभर बोलत होती, एकच वाक्य, "मी घातलं, हिराबाय, मी घातलं." शेवटी मी तिला म्हटलं, आता गप्प बस, रडायचं असेल तर कोर्टात रड, तिथे कामाला येईल.

वकीलबाईंनी विचारलं तेवढं मी सांगितलं. जेवण कुठून जातं, जास्तीचे डबे कधीपासून, कोण मागायला आलं, वेणी कशी असते, कुणी शिकवली, घरत काय बोलला. घरतचं नाव घालायचं का, असं त्यांनी विचारलं. मी घाला म्हटलं. सही करताना माझं पूर्ण नाव लिहायला वेळ लागला, त्या थांबल्या. मुंबईला अर्ज गेला. बुचाची झाडं कुठे आहेत ते विचारत वकीलबाई त्यांच्या माणसाबरोबर तळोज्याकडे जाऊनही आल्या. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या क्वार्टरी होत्या, दोन्ही बाजूंना बुचाची झाडं, दाराला नवीन कुलूप. आत कुणी नव्हतं.

मग दिवाळीचे दिवस. फटाका वाजला की रुकय्या भिंतीला टेकायची. खाडीत कुणाचं तरी प्रेत मिळालं अशी बातमी बाजारात आली, तेव्हा तिच्या दिराला बघायला पाठवलं आणि तो परत येईपर्यंत आम्ही ओट्यावर बसलो. मी वाल सोलत होते, ती माझ्या सोललेल्या वालांमधून परत साली शोधत होती. दुसराच कुणी होता. तिने सुटकेचा निःश्वास टाकला आणि लगेच त्या दुसऱ्याच्या आईसाठी काहीतरी पुटपुटली. ते मला सुचलं नव्हतं.

वकीलबाईंचा निरोप आला तो सकाळी. मुंबईच्या तारखेच्या आधीच पोलिसांनी इरफानला कोर्टात आणलं होतं. कागदावर लिहिलं होतं की त्याला त्याच पहाटे एसटी स्टँडवर पकडलं. आम्ही पोचलो तेव्हा चौघे उभे होते, तोंडावर काळे बुरखे. कुठला आपला ते मला ओळखू आलं नाही, रुकय्याला पायांवरून आलं. कोर्टाच्या साहेबांनी, मॅजिस्ट्रेटनी, बुरखे काढायला लावले. पोरगा बारीक झाला होता, दाढी वाढलेली, आणि तो एका जागी नीट उभा राहत नव्हता, पाय सारखे बदलत होता. त्याने आईकडे बघितलं नाही. साहेबांनी विचारलं, पोलिसांबद्दल काही तक्रार? तो म्हणाला, नाही.

वकीलबाई उठल्या, माझा कागद पुढे केला. पोलिसांच्या वकिलाने हरकत घेतली, हायकोर्टातलं इथे कशाला म्हणाला. साहेबांनी कागद वाचला, वर बघितलं आणि मला पुढे बोलावलं. मी साक्षीच्या पिंजऱ्यात जाऊन उभी राहिले.

"बाई, हा मुलगा पोलिसांकडे होता असं तुम्ही म्हणता. तुम्ही त्याला पाहिलं का?"

"नाही साहेब."

"मग?"

"माझा डबा रिकामा परत आला नाही."

मागे कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी इरफानकडे बघून विचारलं, ही बाई काय म्हणते ते समजलं का? तेव्हा त्याने पहिल्यांदा मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि बोलायला लागला. नवरात्रात बसथांब्यावरून उचललं. खोलीत ठेवलं. सकाळी बाहेर संडासला न्यायचे तेव्हा फुलं उचलायचो. हसायचे, पोरगा खुळा झाला म्हणायचे, म्हणून उचलू दिली. मग तळपायांचं सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, साहेबांनी लिहून घेतलं आहे. त्यांनी त्याला डॉक्टरकडे पाठवलं, आणि पोलिसांच्या ताब्यात न देता जेलमध्ये पाठवलं. वकीलबाई बाहेर येऊन म्हणाल्या, आता तो कागदावर आला. रुकय्याला ते कमी वाटलं, तिला पोरगा घरी हवा होता. मला ते त्या दिवशी पुरेसं वाटलं.

तो घरी यायला वर्षं गेली. केस चालली, साक्षी झाल्या, मलाही परत बोलावलं. शेवटी काही निघालं नाही आणि सोडून दिला. बाकीच्या तिघांतला एक आत असतानाच आजारी पडून गेला. ठाण्याचं काम माझ्याकडून गेलं ते गेलंच. दिनेशचा टेम्पो वर्षभर अडवत होते, मग कंटाळले. मी उलव्याच्या बांधकामावरच्या मजुरांना डबे द्यायला लागले, ते बिरड्याला नावं ठेवतात पण डबे वेळेवर परत देतात. ते चार डबे मात्र मला कधीच मिळाले नाहीत.

इरफान सुटून आला त्या आठवड्यात मी बिरडं केलं आणि पातेलीभर भिंतीपलीकडे पाठवलं. आता माझे गुडघे गेलेत, तेव्हा चांगले होते, तरी मी स्वतः नेलं नाही, एवढे दिवस डबे मीच देत होते ते टोचत होतं, सुगंधाला पाठवलं. दुसऱ्या दिवशी तो पातेली परत द्यायला स्वतः आला. केस पिकले होते. चुलीपाशी उभा राहिला, भाकरी खाल्ली. जाड झाली म्हणेल म्हणून मी वाट बघितली. तो काही बोलला नाही. तो गेल्यावर मी झाकण उघडलं. पातेली घासलेली, पुसलेली आणि रिकामी होती.

मी तिला हात लावून बघितलं, तळाशी काही नव्हतं. पालथी घातली. त्यानंतर दर बुधवारी काही ना काही जातं, आणि पातेली तशीच येते. रुकय्याला ठाऊक आहे, ती मधे पडत नाही. गल्लीच्या तोंडाचं बुच रस्ता मोठा केला तेव्हा तोडलं. उद्या बुधवार आहे, वाल भिजत घातलेत.